दादाने चौदा महिने लपवलेलं रक्त

माझा मोठा भाऊ सव्वीस वर्षं टॉवर क्रेन चालवतोय. उंच इमारत बांधायला घेतली की तिच्या शेजारी लोखंडाचा एक उभा सांगाडा दिसतो बघा, वर आडवी लांब मान असलेला, ती टॉवर क्रेन. त्या मानेखाली काचेची एक खोली असते, फार तर दोन कपाटांएवढी. माझा भाऊ त्या खोलीत बसतो. दोन हातांत दोन दांडे, पायांखाली काच, काचेखाली साठ मीटर नुसती हवा. वर जायला लिफ्ट नाही. शिडी आहे, आणि ती चढायला पंधरा मिनिटं लागतात.

साइटवर त्याला घार म्हणतात. सळ्यांचा दोन टनांचा भारा तो गवंड्याच्या पुढ्यात असा ठेवतो, की झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं. मी एकदाच त्याचं काम खालून पाहिलं होतं. मान दुखेपर्यंत वर बघत उभी राहिले होते. माझ्या भावाचा मला फार अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे.

त्याच्या बैठकीच्या खोलीत एक ढाल आहे, कंपनीने दिलेली. 'सलग तीन वर्षं कामात खंड न पाडल्याबद्दल' असं तिच्यावर कोरलंय. साध्या भाषेत याचा अर्थ असा, की सकाळी सातला वर गेलेला हा माणूस दुपारी एकपर्यंत लघवीला खाली उतरला नाही, आणि दोनला पुन्हा वर गेला तो सहापर्यंत उतरला नाही. उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा, आणि तेवढा वेळ खाली तीस माणसं हात बांधून उभी. वर बदली माणूस नाही. दुसरे चालक केबिनमध्ये बाटली ठेवतात. दादाला ते घाणेरडं वाटायचं. म्हणून त्याने स्वतःचा उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. वहिनी रोज सकाळी पाण्याची बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी ती जवळजवळ तशीच परत यायची. वहिनीला वाटायचं, वर गार हवा असेल, तहान लागत नसेल.

आता माझं काम सांगते. मी एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. एकोणीस वर्षं झाली. दिवसाला साठ-सत्तर बाटल्या माझ्या हाताखालून जातात. बाटलीत पट्टी बुडवायची, पट्टीवरच्या चौकोनांचे रंग वाचायचे, मग थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. परक्या माणसांची लघवी मी रोज इतकी निरखून बघते, आणि माझ्या सख्ख्या भावाला चौदा महिने लघवीतून रक्त जात होतं हे मला ठाऊक नव्हतं. ते मला कसं कळलं, तीही ऐकण्यासारखीच गोष्ट आहे.

एका मंगळवारी दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका संकलन केंद्रातून नेहमीसारखी पेटी आली. त्यातल्या एका बाटलीचा रंग झाकण उघडायच्या आधीच दिसत होता, मांस धुतलेल्या पाण्यासारखा. पट्टीवरचा रक्ताचा चौकोन पिवळा असतो, तो बघता बघता गर्द हिरवा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींनी सगळं भरून गेलेलं, मोजायला जागा नाही. पू नाही, जंतू नाहीत. मला खटकलं ते इथे. जंतुसंसर्ग असता तर त्याच्या खुणा सापडल्या असत्या. नुसतं रक्त, आणि अर्जावर 'दुखणं: नाही' असं लिहिलेलं.

नोंद करायला अर्ज हातात घेतला. नाव ओळखीचं निघालं, दादाच्या जोडीदाराचं. क्रेनचा चालक वरून सगळंच काही बघू शकत नाही, त्याला खालून वॉकीटॉकीवर सांगणारा एक माणूस लागतो. डावीकडे घे, अजून जरा, थांब, सोड. तो हा जोडीदार. अकरा वर्षं दोघं एकत्र. मनात म्हटलं, अरे बापरे, याला काय झालं. मग वय वाचलं. त्रेपन्न. जोडीदार तर पन्नाशीच्या आतला. त्याखाली फोन नंबर होता. तो नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. दादाचा होता.

मी ती तपासणी पुन्हा केली. निकाल तोच. मग हात धुतले, आणि कधी नव्हे ते दोन तास आधी निघाले.

त्या दिवशी साइट बंद होती, दादा घरीच होता. पाय पसरून टीव्ही बघत होता. वहिनी चहा ठेवत होती. मी चप्पल काढायच्या आत विचारलं, "दादा, लघवीतून रक्त कधीपासून जातंय?"

तो एकदम वहिनीकडे बघायला लागला, मग टीव्हीकडे. "कसलं रक्त?"

"तू जोडीदाराचं नाव लिहून दिलेली बाटली माझ्याच टेबलावर आली."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घरात कठीण विषय आला की पुरुषमाणसं हेच करतात. लहानपणी आमच्या वडिलांच्या लेखी छातीखाली जे काही होतं ते सगळं 'पोट' होतं. त्यांना मुतखडा झाला तेव्हा घरात सांगितलं गेलं, पोटात दुखतंय. हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेही पोटाचंच. त्या घरात वाढलेला मुलगा त्रेपन्नाव्या वर्षी धाकट्या बहिणीला काय सांगणार होता? हे सगळं मला समजतं. समजतं म्हणून राग कमी होत नाही.

मी टीव्ही बंद केला.

"छोटे, तुझ्यासमोर हे काय बोलायचं," तो म्हणाला.

"मी दिवसभर हेच बघते. बोल."

"तू बाकीच्यांचं बघतेस."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं? मी तर बाकीच्यांतली नाही ना?" चहा उतू गेला. कोणी गॅस बंद करायला गेलं नाही, शेवटी मीच गेले.

मग त्याने सांगितलं, तुकड्या तुकड्यांनी, जमिनीकडे बघत. चौदा महिन्यांपूर्वी दुपारच्या सुट्टीत साइटवरच्या पत्र्याच्या मुतारीत त्याला पहिल्यांदा लाल दिसलं. दुखलं काहीच नाही. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं, त्याने ते बिटावर ढकललं. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. तीन महिने स्वच्छ. मग पुन्हा लाल, आणि या वेळी बीट नव्हतं.

त्याने जोडीदाराला सांगितलं. जोडीदार म्हणाला, उष्णता आहे, मलाही होतं अधूनमधून, भरपूर पाणी पी. वर बसणाऱ्या माणसाला म्हणे भरपूर पाणी पी.

मग सुपरवायझरला विचारलं, की जरा दवाखान्यात जाऊन येऊ का. सुपरवायझर दादापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने काय त्रास आहे ते चार लोकांसमोर विचारलं, आणि दादाने कसंबसं सांगितल्यावर म्हणाला, "या वयात काय उद्योग करून आलास, घार?" लोक हसले. दादाही हसला. मला सगळ्यात जास्त कशाचा संताप आला असेल तर या हसण्याचा. सव्वीस वर्षं ज्याच्या हातांवर विश्वास ठेवून माणसं त्या हुकाखाली उभी राहिली, त्याला आपल्याच शरीरातून रक्त जातंय हे सांगताना स्वतःवर हसून दाखवावं लागलं.

साइटवर कंपनीचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरने मान वर न करता विचारलं, जळजळ होते का? नाही. ताप? नाही. मग पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. लघवीची साधी पट्टीसुद्धा बुडवली नाही. ती पट्टी बुडवायला एक मिनिट लागतं. मी रोज बुडवते म्हणून सांगते. रक्त आपोआप थांबलं, तसं ते थांबतंच अधूनमधून, आणि दादाला वाटलं गोळ्यांनी गुण आला. या आजाराची खोड हीच. तो मध्येच तोंड लपवून बसतो आणि माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

पुढच्या खेपेला तो स्टेशनजवळच्या एका गाळ्यात गेला. दारावर पडदा, आत हिरवा दिवा, बाहेरच्या भिंतीवर 'पुरुषांच्या सर्व समस्या, गुप्तता राखली जाईल' असा फलक. असे फलक मी जन्मभर बघत आले. सगळ्या भिंतींवर असतात. रक्त येत असेल तर खरा डॉक्टर कुठे भेटेल हे मात्र एकाही भिंतीवर लिहिलेलं मी वाचलं नाही. आतल्या माणसाने नाडी धरली आणि तरुणपणीच्या सवयी विचारल्या. रक्ताबद्दल विचारलंच नाही. ताकदीची पूड दिली. माझा भाऊ सात महिने ती पूड कोमट पाण्यातून घेत होता. वहिनीला सांगितलं होतं, पोट साफ होण्यासाठी आहे.

"आणि ही बाटली कशाला दिलीस मग?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात गाठी पडल्या. रक्ताच्या. भीती वाटली."

"नाव का बदललंस?"

"कंपनीला कळलं तर क्रेनवरून उतरवतील. आणि तुला कळू नये म्हणून एवढ्या लांब गेलो होतो."

वहिनी त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "उद्या तुम्ही कामावर जाणार नाही." आमच्या वहिनीचा आवाज एवढा थंड मी तोवर ऐकला नव्हता. दादा गेला नाही.

मूत्ररोगांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर वयस्कर, जाड चष्म्याचे, आणि बोलायला इतके सरळ, की पाच मिनिटांत दादाही सरळ बोलायला लागला. किती वेळा रक्त आलं, गाठी होत्या का, धार बारीक झाली आहे का, सुरू व्हायला वेळ लागतो का, कंबरेत दुखतं का, वजन उतरलंय का. पाव तासाच्या त्या प्रश्नोत्तरांत जेवढं बोलणं झालं तेवढं आमच्या घरात पन्नास वर्षांत झालं नसेल.

"सिगारेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहा-बारा. दिवसाला."

"कधीपासून?"

"अठराव्या वर्षापासून."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, डॉक्टर, हा दिवसभर पाणी पीत नाही, लघवी दाबून बसतो, कंपनी त्याला उतरू देत नाही, त्यानेच झालं असणार. डॉक्टरांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाले, "पाणी न पिण्याने खडे होतात, संसर्ग होतो, ते वाईटच आहे. कंपनीशी जरूर भांडा. पण आत गाठ असेल, तर ती पाण्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. आधी त्या सिगारेटकडे बघा."

मला त्या दिवशी कंपनीला फासावर लटकवायचं होतं. डॉक्टरांनी ते समाधान काही मला मिळू दिलं नाही. बाहेर आल्यावर मी विचार केला, बरं, गाठ कंपनीची नाही. पण चार लोकांत हसं करणारा सुपरवायझर कंपनीचा होता, पट्टी न बुडवणारा डॉक्टर कंपनीचा होता. चौदा महिन्यांतले बरेचसे महिने त्यांच्याच पदरात टाकले पाहिजेत. उरलेले आम्ही घरातल्यांनी वाटून घ्यावेत.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीवर काहीतरी दिसलं. मग दुर्बीण घालून बघायचं ठरलं. दादाने विचारलं, "कुठून घालणार?" डॉक्टर म्हणाले, "लघवीच्याच वाटेने. दुसरी वाट नाही." दादा खुर्चीत बोटभर मागे सरकला. डॉक्टर म्हणाले, "भूल देणार आहे हो, घाबरू नका. साठ मीटर वर चढणारा माणूस तुम्ही." दादा म्हणाला, "तिथे पट्टा बांधलेला असतो." त्या दिवसात आम्ही तेवढंच काय ते हसलो.

गाठ कर्करोगाची निघाली. दुर्बिणीतूनच ती खरवडून काढली, बाहेरून टाका नाही. तपासणीचा अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत वहिनीने घरातलं प्रत्येक कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. अहवालात होतं, गाठ आतल्या अस्तरापुरती आहे, खालच्या स्नायूत शिरलेली नाही. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही उशिरा आलात, पण फार उशीर झाला नाही. यात तुमची हुशारी काही नाही, नशीब आहे. एकदा जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात यायचं असतं. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नसतं. दुखलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी आला असता."

मग सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, नळीने मूत्राशयात औषध सोडायचं. दोन तास धरून ठेवायचं. दादा म्हणाला, धरून ठेवायची सवय आहे मला. नंतर दोन दिवस आग व्हायची, थंडी वाजायची, तो कळवळायचा, आणि या वेळी कळवळताना कुठे काय होतंय ते वहिनीला सांगायचा. सिगारेट सुटली. सुटली म्हणजे तीनदा सुटली, तिसऱ्यांदाची टिकली.

औषधाच्या दुसऱ्या आठवड्यात मला एकदम आठवलं. "दादा, तुझा जोडीदार म्हणाला होता ना, मलाही होतं म्हणून?"

"हो."

"त्याला कधीपासून होतं?"

दादाने डोळे मिटले. "तो म्हणाला होता, दोन-तीन वर्षं."

त्याच संध्याकाळी दादा उठून त्याच्याकडे गेला. अंगात कसकस असताना गेला. सगळं सांगितलं. दुर्बिणीचंही सांगितलं, नळीचंही सांगितलं. जोडीदाराने ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझं वेगळं होतं रे. माझं उष्णतेचंच आहे. चार दिवसांत जातं." दादा पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा जोडीदार जरा चिडला, म्हणाला, तू काय मला आजारी पाडायला निघालास का. मी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. तो आला नाही.

चार महिन्यांनी साइटवर त्याची लघवी पूर्ण बंद झाली. रक्ताच्या गाठींनी वाट बुजली होती. सकाळी नऊपासून तो तसाच उभा राहून वॉकीटॉकीवर बोलत होता, डावीकडे घे, थांब, सोड. क्रेनवर तेव्हा दादाच्या रजेपुरता आणलेला चालक होता, नवीन पोरगेला माणूस, त्याला काय कळणार. अकराच्या सुमाराला जोडीदार सिमेंटच्या गोण्यांवर कोसळला. इस्पितळात नेल्यावर कळलं, त्याचा आजार मूत्राशयाची भिंत ओलांडून हाडांपर्यंत गेला होता. त्यानंतर तो अकरा आठवडे जगला.

आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, भिंतीला लावून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, माणसं दाटीवाटीने बसलेली. सुपरवायझर आला होता. कोणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "अचानक गेला हो. काही आजार नव्हता माणसाला. कधी एक सुट्टी नाही." आजूबाजूच्या पुरुषांनी माना हलवल्या. अचानक, अचानक, असं ते एकमेकांना सांगत राहिले.

जोडीदाराची बायको माझ्या शेजारी बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कपडे धुताना मला डाग दिसायचे. विचारलं तर म्हणायचे, गंज आहे. लोखंडात काम करतो, गंज लागणारच. मी तीन वर्षं गंज समजून धूत होते, ताई."

मी तिचा हात धरला. समोर ती माणसं अजून अचानकच म्हणत होती. मला वाटलं, उठून एकेकाची कॉलर धरावी. अचानक म्हणजे छतावरून वीट पडते ते. तीन वर्षं ज्याच्या खुणा दिसत होत्या, बायकोच्या हाताला लागत होत्या, मित्राने तीनदा येऊन सांगितल्या होत्या, ते अचानक कसं? 'लघवी' या एका शब्दाच्या लाजेने माणूस गेला, आणि लोक तीच लाज आता त्याच्या अंगावर पांघरूण म्हणून घालत होते. मी काही बोलले नाही. तिच्या घरात, त्या दिवशी, नाही बोलता आलं.

पण दादा बोलला.

पुढच्याच सोमवारी तो कामावर रुजू झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. सकाळी सातच्या आधी साइटवर सगळ्यांना उभं करून सुरक्षेबद्दल पाच मिनिटं सांगतात. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, हुकाखाली उभे राहू नका. त्या दिवशी सुपरवायझरने जोडीदारासाठी एक मिनिट शांतता पाळायला लावली. मग म्हणाला, "चला, कामाला लागा." दादा हललाच नाही. हे सगळं मला तिथल्या गवंड्याने नंतर सांगितलं, दादाने सांगितलं असतं तर निम्मं गाळलं असतं.

दादा म्हणाला, "मला सुरक्षेबद्दल बोलायचंय."

"बोल ना," सुपरवायझर म्हणाला.

"माझ्या लघवीतून रक्त यायचं. कर्करोग निघाला. तो काढला. आपल्या माणसाच्याही लघवीतून रक्त यायचं. तो गेला. दोघांचा आजार एकच. मी दाखवलं आणि त्याने नाही दाखवलं, एवढाच फरक."

साठ-सत्तर माणसं, सगळी बुटांकडे बघायला लागली. सुपरवायझर म्हणाला, "घार, हे इथे नको. बायका आहेत कामावर."

दादा म्हणाला, "बायका आहेत म्हणूनच बरं, घरी जाऊन नवऱ्यांना सांगतील. साहेब, मी तुम्हाला सांगायला आलो तेव्हाही चार लोक होतेच की. तेव्हा तुम्ही हसलात. मीपण हसलो, ती माझी चूक. आता मी हसत नाहीये." मग तो माणसांकडे वळला. "लाल दिसलं, एकदा जरी दिसलं, तर डॉक्टर. लघवी अडली, तर त्याच तासाला इस्पितळ, पाळी संपायची वाट बघायची नाही. आग होते आणि ताप येतो, डॉक्टर. धार बारीक झाली, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, तर वय झालं म्हणून बसू नका, त्यावर औषध असतं. तरण्या पोरांनी अंघोळ करताना गोट्या चाचपून बघा, गाठ लागली तर दाखवा. स्टेशनजवळच्या पडद्याआड जाऊ नका, मी सात महिने तिथली पूड खाल्ली. आणि मी आजपासून दहा वाजता आणि चार वाजता खाली उतरणार आहे. वर बदली माणूस द्या, नाहीतर तेवढा वेळ क्रेन बंद राहील."

सुपरवायझर म्हणाला, "तुला काढून टाकतील."

"टाका," दादा म्हणाला, आणि शिडीकडे गेला.

दहा वाजता तो उतरला. क्रेन पस्तीस मिनिटं उभी राहिली. चारला पुन्हा उतरला. तीन दिवस असं चाललं, वरून फोन आले, पत्र आलं, दादाने पत्र घडी करून खिशात ठेवलं. चौथ्या दिवशी शेजारच्या क्रेनचा चालकही दहाला उतरला. तीन आठवड्यांत कंपनीने एक बदली चालक नेमला आणि इमारतीच्या दर आठव्या मजल्यावर एक पत्र्याची मुतारी बसवली. सव्वीस वर्षं जे जमत नव्हतं ते तीन आठवड्यांत जमलं. यासाठी कोणाचे आभार मानायचे असतील तर तुम्ही माना. मी मानणार नाही. कंपनीच्या दवाखान्यातला डॉक्टर अजून तोच आहे, आणि सुपरवायझरला बढती मिळाली.

जोडीदाराच्या बायकोकडे दादा आणि वहिनी अजून जातात. तिचा दादावर राग आहे, थोडासा. तिने तो एकदा बोलून दाखवला, की तुम्ही त्यांना सांगायला आलात तेव्हा मला का नाही सांगितलं, मी ओढत नेलं असतं. दादाने मान खाली घातली. तिचं म्हणणं खरं आहे. पुरुषाचं पुरुषाला सांगायचं, हेच त्यालाही सुचलं होतं.

माझा नंबर साइटवर कसा पसरला कोण जाणे. आता मला परक्या माणसांचे फोन येतात, बहुतेक जेवणाच्या सुट्टीत. आवाज खाली, मागे मशीनची घरघर. "ताई, माझ्या एका मित्राला जरा त्रास आहे," इथून सुरुवात होते. मी विचारते, मित्राचं वय किती, रक्त दिसलं का, किती दिवस. मित्राच्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी त्या माणसाला माहीत असतात. मी म्हणते, मित्राला उद्या सकाळी घेऊन ये, मी लॅबमध्येच आहे, पुढे कुठल्या डॉक्टरकडे जायचं तेही सांगते. काही जण येतात. काही फोन ठेवतात आणि पुन्हा लागत नाहीत, आणि मग दोन दिवस माझं डोकं कामात लागत नाही.

दादाची दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते. मागच्या दोन्ही वेळा काही निघालं नाही. पुढची या महिन्याच्या अखेरीला आहे. परत येऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. परवा तो घरी आला होता, स्वयंपाकघरात उभा राहून सलग दोन ग्लास पाणी प्यायला आणि म्हणाला, "छोटे, तारीख जवळ आली की पोटात धाकधूक होते."

"पोटातच ना?" मी विचारलं.

"पोटातच," तो म्हणाला. "हे खरंच पोटातलं आहे."